वरच्या स्वरावर शब्द कुठे जातात?

ओठ मिटून ‘म्ऽऽऽ’ असा हुंकार सुरू करा आणि तो चालू असतानाच नाक चिमटीत धरा. हुंकार तिथल्या तिथे बंद पडतो. आणखी जोर लावून पाहा. गाल फुगतील, कानांत दडे बसल्यासारखे होईल, पण आवाज निघणार नाही. चिमूट सोडली की तो पुन्हा सुरू.

या प्रयोगाला साहित्य लागत नाही, वेळ लागत नाही आणि मुलांना तो फार आवडतो. पण त्यातून निघणारा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. फुप्फुसांत हवा आहे, ती ढकलणारे स्नायू जोर लावत आहेत, स्वरयंत्र जागच्या जागी आहे, मज्जातंतू शाबूत आहेत. मग अडले कुठे? हवेला पुढे जायला वाट उरली नाही, इथेच. दाब आहे, पण प्रवाह नाही.

गाणे शिकवणारी मंडळी ‘श्वास अडवू नकोस, गळा आवळू नकोस, आवाज मोकळा सोड’ असे सतत सांगत असतात. खालच्या आणि मधल्या स्वरांवर हे जमते. वरच्या स्वरावर, त्यातही तिथे शब्द उच्चारायचा असला, की बहुतेकांचा गळा आवळला जातो. मग आवाज चिरका होतो, नाही तर फाटतो, नाही तर शब्द तरी कळेनासा होतो. तोच स्वर नुसत्या आकारात मात्र सहज लागतो. असे का व्हावे? युरोपात या प्रश्नाचा पाठपुरावा ३०० वर्षे होत आला आहे. तिथल्या ऑपेरात गायकांना ध्वनिवर्धकाशिवाय, भल्या मोठ्या वाद्यवृंदाच्या आवाजावरून, शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचवायचे असत, आणि तेही वरच्या सप्तकात. त्यांच्यासाठी हा पोटापाण्याचा प्रश्न होता. म्हणून ही हकिकत मुख्यतः पॅरिस, बर्लिन, लंडन अशा शहरांतली आहे.

बासरी की तंतुवाद्य?

श्वासनलिका म्हणजे एक बासरी, अशी जुनी समजूत होती. दुसऱ्या शतकात गेलेन या वैद्याने, स्वरयंत्राकडे जाणारे मज्जातंतू कापले की किंचाळणारे डुक्कर मुके होते, हे लोकांसमोर करून दाखवले होते. आवाजाचे स्थान गळ्यात आहे एवढे त्यावरून ठरले. पण तिथे नेमके काय घडते ते डोळ्यांना दिसत नव्हते, त्यामुळे उपमेवरच काम भागत होते. १७०० साली देनी दोदार या फ्रेंच वैद्याने पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे एक साधी हरकत मांडली. बासरीत फुंकेची जागा आधी आणि नळी नंतर येते. इथे तर फुप्फुसांतून येणाऱ्या हवेला नळी आधी लागते आणि स्वरयंत्रातली अरुंद फट नंतर. तेव्हा आवाज नळीत नव्हे, त्या फटीत तयार होत असला पाहिजे. हरकत इतकी सरळ होती की ती आधी कुणाला कशी सुचली नाही याचे नवल वाटते.

१७४१ साली आंत्वान फेरँ याने पुढचे पाऊल टाकले. मृत प्राण्यांची आणि माणसांची स्वरयंत्रे काढून घेऊन, फटीच्या कडा एकमेकींजवळ आणून, त्याने खालून श्वासनलिकेत फुंकले. प्रेतातल्या स्वरयंत्रातून आवाज निघाला! कडा थरथरताना दिसल्या. फेरँच्या डोळ्यांपुढे व्हायोलिनसारखे तंतुवाद्य होते: कडा म्हणजे तारा आणि श्वास म्हणजे गज. त्याने त्या कडांना ‘आवाजाच्या तारा’ असे नाव दिले. आपला ‘स्वरतंतू’ हा शब्द याच उपमेचा वारसा सांगतो. उपमा मात्र फसवी आहे. स्वरतंतू या दोऱ्या नव्हेत, त्या दोन मऊ, ओलसर घड्या आहेत; लांबी पुरुषांत दीड सेंटीमीटरच्या आसपास, स्त्रियांत सेंटीमीटरभर. आम्ही इथे रूढ शब्दच वापरणार आहोत, पण वाचकांनी मनात चित्र तारांचे न ठेवता ओठांचे ठेवावे.

हे चित्र वर्गात दाखवायला एक फुगा पुरतो. फुगवलेल्या फुग्याचे तोंड दोन्ही हातांनी बाजूंना ताणून धरले की हवा बाहेर पडताना तो किंचाळतो. रबर अधिक ताणले की आवाज चढतो, सैल सोडले की उतरतो. रबराला कुणी छेडत नाही, हवाच ते हलवते. आता तोंड न ताणता फुग्याचे पोट दाबून पाहा. आवाज मोठा होतो आणि थोडा चढतोही.

फुग्याच्या या दोन गुणांचा पद्धतशीर अभ्यास बर्लिनच्या योहान्नेस म्युलरने १८३०-४० च्या दशकात केला. शरीरक्रियाशास्त्राच्या इतिहासात म्युलरचे स्थान फार मोठे आहे. हेल्महोल्ट्झसारखे विद्यार्थी त्याच्या हाताखाली तयार झाले. त्याने माणसाचे स्वरयंत्र फळीवर घट्ट बसवले, स्नायूंच्या ओढीऐवजी दोऱ्या बांधून त्यांना वजने लावली आणि खालून फुंकायच्या हवेचा दाब मोजण्याची सोय केली. १८३९ साली त्याने निष्कर्ष प्रसिद्ध केले. स्वर चढवायचे दोन मार्ग आहेत. एक, स्वरतंतूंचा ताण वाढवणे. दुसरा, ताण तोच ठेवून खालून जोरात फुंकणे. त्यावरून पुढची गोष्ट निघते. एकच स्वर हळूहळू मोठा करत नेताना गायक फुंकेचा दाब वाढवतो, तेव्हा स्वर आपोआप चढायला हवा. तो चढत नाही, कारण गायक त्याच वेळी स्वरतंतूंचा ताण नेमका तेवढा कमी करत असतो. हे संतुलन त्याच्या ध्यानीमनीही नसते.

म्युलरच्या प्रयोगात गाणाऱ्यांसाठी एक धोक्याची सूचना दडलेली होती. वरच्या स्वराकडे जाणारा दुसरा, जोराचा मार्ग खुला आहे. पण त्या मार्गाने गेले की खालून दाब वाढतो, तो आवरायला स्वरतंतू एकमेकांवर आवळावे लागतात, आणि आवळले की आणखी दाब लागतो. याच सुमारास पॅरिसच्या ऑपेरात या प्रश्नाला मोठेच महत्त्व आले होते. १८३७ साली झिल्बेर द्युप्रे या गायकाने रोसिनीच्या ‘गियोम तेल’मध्ये वरचा ‘सी’, म्हणजे सेकंदाला सुमारे ५२३ कंपनांचा स्वर, पूर्ण भरदार आवाजात लावला. तोवरचे पुरुष गायक तिथे हलका, पातळ आवाज वापरत. प्रेक्षक वेडे झाले. खुद्द रोसिनीला तो प्रकार मुळीच आवडला नाही. त्या भूमिकेचा पहिला गायक आदोल्फ नूरी हा नवा आवाज आत्मसात करायला इटलीत गेला. प्रकृती आणि आवाज दोन्ही ढासळून १८३९ साली नेपल्समध्ये त्याने आत्महत्या केली. तिच्यामागे कारणे अनेक होती, सगळा दोष एका स्वरावर टाकणे बरोबर नाही. पण आवाज हा गमावण्याजोगा ठेवा आहे, हे त्या काळच्या प्रत्येक गायकाला ठाऊक होते.

गार्सियाचा आरसा

ज्यांना ते स्वानुभवाने ठाऊक होते त्यांत मान्युएल गार्सिया हा एक. जन्म १८०५. वडील नामांकित गायक, रोसिनीच्या ‘बार्बर ऑफ सेव्हिल’मधल्या प्रमुख भूमिकेचे पहिले मानकरी, बहिणी मारिया मालिब्रान आणि पोलीन व्हियार्दो, दोघीही युरोपभर गाजलेल्या. १८२५ साली हे कुटुंब न्यूयॉर्कला गेले आणि तिथे त्यांनी इटालियन ऑपेराचे प्रयोग लावले. विशीतला मान्युएल त्यात गात होता. वय कोवळे, ताण जबरदस्त, आवाज बिघडला. काही वर्षांत त्याने रंगभूमी सोडली, मध्यंतरी लष्करी रुग्णालयात काम करताना शरीररचना शिकून घेतली आणि उरलेले दीर्घ आयुष्य गाणे शिकवण्यात घालवले. आपला आवाज गेला तो का, हे शोधण्याची ओढ त्याच्या साऱ्या कामात जाणवते. १८४१ साली स्वीडनची तरुण गायिका जेनी लिंड थकलेला, घोगरा झालेला आवाज घेऊन त्याच्याकडे आली, तेव्हा त्याने तिला आधी काही आठवडे गाणे पूर्ण बंद ठेवायला लावले. पुढे ती जगप्रसिद्ध झाली.

त्याला जिवंत, गाणारे स्वरयंत्र पाहायचे होते. प्रेतातल्या स्वरयंत्राने त्याचे समाधान होत नव्हते. १८५४ सालच्या सप्टेंबरात पॅरिसमध्ये फिरत असताना सूर्याचा कवडसा पाहून त्याला एकदम युक्ती सुचली, असे त्याने पुढे सांगितले आहे. तो तडक शार्येर या उपकरणे बनवणाऱ्याकडे गेला आणि लांब दांडीचा, दातांच्या वैद्यांसाठी केलेला एक छोटा आरसा सहा फ्रँकला विकत घेऊन आला. घरी आल्यावर तो आरसा गरम पाण्यात बुडवून, म्हणजे वाफ धरू नये म्हणून, पुसून घशात पडजिभेला टेकवला आणि हातातल्या दुसऱ्या आरशाने सूर्यप्रकाश त्यावर पाडला. समोर त्याचीच स्वरतंतूंची फट उघडी दिसत होती! घशाला स्पर्श होताच उमळी येणाऱ्या माणसाला हा शोध लागणे शक्य नव्हते. गार्सियाचा घसा त्या बाबतीत असाधारण सोशिक होता. विज्ञानाच्या इतिहासात अशा बारीकसारीक गोष्टींनाही श्रेय द्यायला हवे.

१८५५ साली त्याचा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीत वाचला गेला. एका गायनशिक्षकाचा निबंध तिथे वाचला जावा ही गोष्ट साधी नव्हती. त्यात त्याने म्हटले की आवाज निघतो तो स्वरतंतू तारेसारखे वाजतात म्हणून नव्हे. ते फट मिटतात आणि उघडतात; दर वेळी हवेचा एक छोटा झोत सुटतो. हे झोत नियमित अंतराने एकामागून एक आले की कानाला स्वर ऐकू येतो. भोंग्यातली भोके असलेली चकती फिरते आणि हवा तुकड्यातुकड्यांनी बाहेर पडते, तसेच काहीसे. म्हणजे श्वासाचे काम तारेवर घासण्याचे नाही. सुटणारा श्वास हाच आवाजाचा कच्चा माल आहे. ‘मोकळा श्वास’ या गुरुजनांच्या शब्दाला इथे प्रथम भौतिक अर्थ मिळाला. ‘चढा स्वर’ म्हणजे सेकंदाला अधिक झोत. अधिक मोठे धक्के नव्हेत.

गार्सियाचा आरसा पुढे डॉक्टरांनी उचलला. व्हिएन्नाचा ट्युर्क आणि चेर्माक यांच्यात १८५८ च्या सुमारास पहिले कोण यावरून चांगलेच भांडण जुंपले. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे असाच लांब दांडीचा आरसा आजही असतो. गार्सिया १९०६ पर्यंत जगला. १९०५ साली लंडनमध्ये त्याचा शंभरावा वाढदिवस मोठ्या थाटाने साजरा झाला, त्यात गायकांइतकेच डॉक्टरही हजर होते.

मधेच एक उलटी वाट

इतके झाल्यावर प्रश्न सुटला असे वाटेल. पण १९५० साली पॅरिसमध्ये राऊल ह्यूसाँ याने एक नवाच सिद्धांत मांडला. त्याच्या मते स्वरतंतूंचे प्रत्येक कंपन मेंदूकडून येणाऱ्या एकेका संदेशाने होते. ४४० कंपनांचा स्वर हवा, तर मज्जातंतूतून सेकंदाला ४४० संदेश यायचे आणि स्नायू ४४० वेळा आखडायचा. श्वास केवळ सोबतीला. गायनशिक्षकांत हा सिद्धांत चांगलाच लोकप्रिय झाला. आम्हाला याचे फारसे आश्चर्य वाटत नाही. गाताना स्वर ‘मनात आणला की लागतो’ असाच अनुभव येतो, आणि अनुभवाशी जुळणारे स्पष्टीकरण माणसाला पटकन पटते.

साध्या अंकगणितानेही या सिद्धांतातली अडचण दिसते. स्वरयंत्राचा डावा मज्जातंतू छातीत उतरून महारोहिणीला वळसा घालून वर येतो, त्यामुळे तो उजव्यापेक्षा सुमारे १० सेंटीमीटर लांब असतो. संदेशाचा वेग सेकंदाला ५० मीटर धरला तर डावीकडचा संदेश २ सहस्रांश सेकंद उशिरा पोचेल. २५० कंपनांच्या स्वरात एक पूर्ण कंपन ४ सहस्रांश सेकंदांचे. म्हणजे एक स्वरतंतू मिटत असताना दुसरा उघडत असायला हवा. प्रत्यक्षात दोन्ही एकदम मिटतात आणि एकदम उघडतात. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत १९४० च्या सुमारास सेकंदाला ४००० चित्रे घेणाऱ्या कॅमेऱ्याने हे टिपले होते. शिवाय सेकंदाला शंभरएक संदेशांच्या पलीकडे स्नायू वेगवेगळे आखडूच शकत नाही, तो ताठ राहतो. वरच्या पट्टीतल्या गायिकेला तर १००० कंपने लागतात. या हरकतींनाही उत्तरे शोधली गेली, वाद काही वर्षे चालला.

इथे कुणी हुशार विद्यार्थी म्हणेल, ‘नाक दाबले की हुंकार थांबतो, मग ह्यूसाँ चूकच.’ काटेकोरपणे पाहिले तर एवढा पुरावा पुरत नाही. स्वरतंतू हलतच असतील, पण तुकडे करायला हवाच वाहत नसेल, असेही म्हणता येईल. निर्णायक पुरावा हवा तर मज्जातंतू नसलेले स्वरयंत्र घ्यावे लागेल. तेच हॉलंडमधील ग्रोनिंगेनच्या यान्विलेम फान डेन बेर्ख याने केले. काढून घेतलेल्या मानवी स्वरयंत्रांतून उबदार, दमट हवा सोडून त्याने ती गाती केली आणि १९५८ साली आपला सिद्धांत प्रसिद्ध केला: स्नायू स्वरतंतूंचा ताण आणि जवळीक ठरवतात, कंपने घडवते ती वाहती हवा. खरे म्हणजे फेरँने २०० वर्षांपूर्वी आणि म्युलरने १०० वर्षांपूर्वी हेच करून ठेवले होते. पण जुना प्रयोग कधी कधी पुन्हा करून दाखवावा लागतो.

पाठ्यपुस्तकांत यापुढे बर्नुलीचे नाव येते: हवा अरुंद फटीतून वेगाने जाते, तिथला दाब कमी होतो, कडा आत ओढल्या जातात. हे खरे असले तरी अपुरे आहे. झोका चालू ठेवायचा तर धक्का योग्य वेळी, झोका जात असेल त्याच दिशेला द्यावा लागतो. उघडताना आणि मिटताना हवेची ओढ सारखीच राहिली तर दिलेले सगळे परत घेतले जाईल आणि कंपने विरून जातील. १९७४ साली जपानच्या मिनोरू हिरानो याने स्वरतंतूंची थरांची रचना स्पष्ट केली. आत स्नायू, बाहेर सैल, ओले आवरण. या आवरणात खालून वर एक लाट धावते. खालची कड आधी उघडते, वरची नंतर. त्यामुळे उघडताना आणि मिटताना फटीचा आकार वेगळा असतो आणि हवेचा दाबही वेगळा. अमेरिकेतल्या इंगो टिट्झेने १९८८ साली याचे गणित मांडले. घसा-तोंडातल्या हवेच्या जडत्वाचीही त्यात मदत होते, हा मुद्दा पुढे लागणार आहे.

दरम्यान स्टॉकहोममध्ये योहान सुंडबेर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गाणाऱ्या माणसाच्या तोंडावर मुखवटा बसवून हवेचे झोत मोजले. गळा आवळून गाणाऱ्याचा खालचा दाब जास्त आणि झोत लहान. मोकळ्या गळ्याने गाणाऱ्याचा दाब बेताचा आणि झोत मोठे. म्हणजे आवळणारा अधिक मेहनत करून कमी आवाज काढतो. हा दाब किती असतो याची कल्पना यायला पेल्यातल्या पाण्यात स्ट्रॉ १० सेंटीमीटर बुडवून फुंका. बुडबुडा जेमतेम बाहेर पडेल तेवढा दाब, म्हणजे साध्या बोलण्यातला दाब. मोठ्या आवाजातल्या गाण्यात तो याच्या तिप्पट-चौपट सहज होतो.

शब्दांची अडचण

आता शब्दांकडे. झोतांनी फक्त स्वर मिळतो. ‘आ’, ‘ई’, ‘ऊ’ हे वेगळेपण येते ते घसा आणि तोंड यांच्या पोकळीतून. ही गोष्ट १८६३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात हेल्महोल्ट्झने फार चांगली उलगडून दाखवली. पोकळीचा आकार बदलला की तिचे अनुनाद बदलतात, आणि झोतांच्या आवाजातले जे घटक अनुनादाच्या जवळ पडतात ते मोठे होतात. सर्वांत खालचा अनुनाद ‘ई’ आणि ‘ऊ’ साठी ३०० ते ४०० कंपनांच्या आसपास असतो, ‘ए’ आणि ‘ओ’ साठी ५०० च्या आसपास, ‘आ’ साठी ७०० च्याही वर.

पेटीच्या पांढरी एकचा षड्ज धरला, तर मधल्या सप्तकातला ‘सा’ सुमारे २६२ कंपनांचा आणि तार षड्ज ५२३ चा. त्या तार षड्जावर ‘ती’ म्हणायचे आहे. ‘ई’ चा खालचा अनुनाद ३०० पाशी, आणि गाण्याचा सर्वांत खालचा घटकच ५२३ ला! अनुनादापाशी मोठे करायला काही उरतच नाही. ऑपेरातली गायिका १०४७ कंपनांपर्यंत चढते, तेव्हा तर आवाजात १०४७, २०९४, ३१४१ एवढेच विरळ घटक असतात. बोलताना दर २०० कंपनांवर एक घटक असतो, त्यामुळे अनुनादांचा डोंगरउतार कानाला नीट समजतो. कुंपणाच्या फळ्यांमधल्या जवळजवळच्या फटींतून पलीकडचे दृश्य जुळवता येते, पण वीस-वीस पावलांवर एकच फट असेल तर पलीकडे गाय आहे की बैल कसे कळणार? वरच्या पट्टीत शब्द हरवतात ते गायिकेच्या आळसामुळे नव्हे.

मग ती काय करते? तोंड उघडते. सुंडबेर्ग यांनी १९७० च्या दशकात दाखवले की स्वर जसा चढतो तसा गायिकेचा जबडा खाली येत जातो. तोंड उघडले की खालचा अनुनाद वर सरकतो, आणि ती त्याला बरोबर गाण्याच्या स्वरापाशी आणून ठेवते. २००४ साली सिडनीच्या एलोडी झोलिव्हो, जॉन स्मिथ आणि जो वुल्फ यांनी गायिका गात असतानाच तिच्या ओठांपाशी अनेक कंपनसंख्यांचा बारीक आवाज सोडून हे अनुनाद थेट मोजले आणि ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केले. वर जाताना वेगवेगळ्या स्वरवर्णांचे अनुनाद एकाच जागी येऊन मिळत होते. म्हणजे वरती सगळेच ‘आ’ कडे झुकते. मोबदल्यात तिला श्वासाचा दाब न वाढवता मोठा आवाज मिळतो. शिवाय अनुनाद स्वराच्या किंचित वर असला की पोकळीतल्या हवेचे जडत्व स्वरतंतूंना झोक्यासारखा हातभार लावते. याउलट हट्टाने शुद्ध ‘ई’ उच्चारू पाहणाऱ्याला ही मदत मिळत नाही. तो ती कमतरता दाबाने भरून काढायला जातो आणि गळा आवळला जातो. सुरुवातीचा प्रश्न होता, आकारात सहज लागणारा स्वर शब्दावर का अडतो. त्याचे अर्धे उत्तर हे.

उरलेले अर्धे व्यंजनांत आहे. नाक चिमटीत धरून ‘ब्ऽऽ’ लांबवून पाहा. ओठ मिटलेले, हवा तोंडात साठते, क्षणभरात तोंडातला दाब फुप्फुसांतल्या दाबाइतका होतो आणि गुणगुण थांबते. स्वरतंतूंच्या वर आणि खाली दाबात फरक नाही, म्हणजे प्रवाह नाही. ‘प’, ‘ट’, ‘क’ यांत तर दर वेळी प्रवाह पूर्ण तुटतो आणि पुढच्या स्वरवर्णाला कंपने नव्याने सुरू करावी लागतात. कंपने सुरू व्हायला जो किमान दाब लागतो तो स्वर चढतो तसा वाढतो. त्यामुळे खालच्या ‘सा’ वर ‘प’ म्हणणे आणि तार षड्जावर ‘प’ म्हणणे यांत बराच फरक आहे. ‘म’, ‘न’, ‘ल’, ‘य’ यांत हवेला कुठून तरी वाट असतेच, म्हणून ते वरच्या स्वरावर सोपे. जाणते गायक कठोर व्यंजन टाळत नाहीत, पण ते फार आखूड करतात आणि लगेच पुढच्या स्वरवर्णावर जातात.

संगीतकारांना हे कितपत ठाऊक होते? स्मिथ आणि वुल्फ यांनी २००९ साली वाग्नरच्या ऑपेरांमधल्या स्त्री-आवाजासाठीच्या जागा तपासल्या. संहिताही वाग्नर स्वतःच लिहीत असे. वरच्या स्वरांवर मोठा अनुनाद असलेले, उघडे स्वरवर्ण योगायोगाने यावेत त्याहून अधिक वेळा आलेले त्यांना आढळले. वाग्नरने हेल्महोल्ट्झ वाचून हे केले असे समजायचे कारण नाही. चांगला कान पुरेसा असतो.

आम्ही शाळेत असताना प्रार्थनेची पट्टी पेटी वाजवणाऱ्यांच्या सोयीने ठरे. आठवी-नववीतली, आवाज फुटलेली मुले वरच्या ओळीला नुसते ओठ हलवत आणि त्यांना ‘गात नाहीत’ म्हणून बोलणी बसत. पेटी दोन पट्ट्या खाली घेतली असती तर पुष्कळ काम झाले असते, हे आज कळते.

अलीकडे शिक्षकांच्या एका शिबिरात आम्ही हा विषय मांडला, तेव्हा एक खेळ घेतला. गाणाऱ्या एका बाईंना दाराआड उभे केले. त्यांनी आधी मधल्या ‘सा’ वर आणि मग त्यांना लागेल तेवढ्या वरच्या स्वरावर आ, ई, ऊ, ए, ओ हे वर्ण उलटसुलट क्रमाने गायले. प्रत्येकाने ऐकलेला वर्ण कागदावर लिहायचा. मधल्या ‘सा’ ची उत्तरे जवळजवळ सर्वांची बरोबर आली. वरच्या स्वराची पत्रके गोळा केली तर बहुतेकांनी पानभर ‘आ’ आणि ‘ओ’ लिहिले होते. बाई दाराआडून बाहेर आल्या आणि कागद पाहून म्हणाल्या, ‘मी तर ई म्हणत होते, अगदी ठसठशीत!’ मग त्यांना पुन्हा तोच ‘ई’ गायला सांगून हातात आरसा दिला. वरचा स्वर लागताच त्यांचे तोंड चांगले चार बोटे उघडले होते.